नझूलच्या पट्ट्याची मुदत

बऱ्हाणपूर शहर आणि त्याच्या शेजारचे बहादरपूर गाव यांत अंतर थोडे. परंतु घराखालच्या जमिनीचा विचार केला तर दोहोंत मोठा फरक पडू शकतो. बहादरपूरच्या जुन्या आबादीत, म्हणजे मराठी मुलखात ज्याला गावठाण म्हणतात त्यात, ज्याची घरजागा कायदेशीर ताब्यात आहे त्याला 1959 च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेने त्या जागेचा भूमिस्वामी मानले. बऱ्हाणपुरात ज्याचे घर नझूलच्या भूखंडावर उभे आहे त्याची गोष्ट निराळी. भिंती त्याच्या, छप्पर त्याचे. जमीन मात्र सरकारची, आणि तीही मुदतीने दिलेली.

नझूल हा शब्द अरबी असून त्याच्या मुळाशी उतरण्याचा अर्थ आहे. वारस न उरल्यामुळे, जप्तीमुळे अथवा अन्य कारणाने जी जमीन सरकारकडे उतरली ती नझूल. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बऱ्हाणपूर आणि नागपूर ही एकाच राज्यात होती. त्यामुळे हा शब्द आणि त्यामागची वहिवाट विदर्भातील घरमालकालाही परकी नाही. राहण्यासाठी दिलेला पट्टा सामान्यतः 30 वर्षांचा असतो. आरंभी एक ठोक रक्कम आणि पुढे दरसाल भुईभाडे, असा हा व्यवहार. भुईभाड्याची रक्कम पुष्कळदा इतकी लहान असते की ती भरताना जमीन आपली नाही याची आठवणही राहत नाही. घोटाळ्याचे बीज नेमके येथेच आहे.

समजा, एखाद्या कुटुंबाच्या कर्त्या पुरुषास 1 एप्रिल 1995 पासून 30 वर्षांचा पट्टा मिळाला. तो 31 मार्च 2025 रोजी संपला. मधल्या काळात तो कर्ता पुरुष वारला, घर दोन भावांनी वाटून घेतले, धाकट्याने रस्त्याकडील खोलीत दुकान काढले. आणि कागदावर मात्र वडिलांचेच नाव राहिले. आता मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढावयास बँकेत गेल्यावर प्रथम प्रश्न येतो तो पट्ट्याचा. घर पक्के आहे, कर भरलेला आहे, शेजारीपाजारी साक्षीला आहेत. तरी संपलेल्या पट्ट्यावरील घर तारण म्हणून घेण्यास बँक सहसा राजी होत नाही.

अशा वेळी 'मुदत वाढवून घेऊ' असे सहज म्हटले जाते. परंतु मुदतवाढ आणि नूतनीकरण हे दोन शब्द कायद्यात एक नव्हेत. मुदतवाढीत जुनाच पट्टा पुढे चालतो. नूतनीकरणात जुना पट्टा संपतो आणि नवा जन्माला येतो. त्यासाठी नवा दस्त लागतो. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने लालजी टंडन यांच्या खटल्यात 2003 साली स्पष्ट केला. पट्टा पुन्हा पुन्हा नवा होत राहावा अशी अट कायद्याला वर्ज्य नाही. मात्र तसा हेतू दस्ताच्या शब्दांतून स्पष्ट दिसला पाहिजे, असेही त्या निकालात आहे. म्हणून पहिले काम मूळ दस्त वाचण्याचे. तो पेटीत जपून ठेवणारे पुष्कळ, वाचणारे थोडे!

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृत दस्तानेच करता येतो. मुदत संपल्यावरही भाडे भरत राहिले आणि मालकाने ते स्वीकारले, तर त्याच कायद्याच्या 116 व्या कलमानुसार ताबा पुढे चालू राहतो; परंतु राहत्या घराच्या बाबतीत तो सर्वसाधारणपणे महिन्यामहिन्याचा. भुईभाड्याच्या पावत्यांनी पुढची 30 वर्षे हाती येतात ही समजूत अनेक घरांत आहे आणि ती सर्वस्वी चुकीची आहे.

वरील कुटुंबापुढील क्रमही यावरून ठरतो. आधी वारसांची नावे लागली पाहिजेत. मग दुकानाचा प्रश्न: पट्टा केवळ निवासासाठी असेल तर तो शर्तभंग होतो आणि त्याचा निकाल लागल्यावाचून नूतनीकरणाचा अर्ज अडून राहू शकतो. दुकान लपवून अर्ज करणे हे शहाणपण नव्हे, कारण जागेची पाहणी होते.

गाळा घेणाऱ्याने तर अधिक सावध असावे. पट्ट्याच्या जमिनीवरील इमारतीत गाळा विकणारा, आपल्याजवळ आहे त्याहून अधिक हक्क विकू शकत नाही. जमिनीची सात वर्षे उरली असतील, तर तिसऱ्या मजल्यावरील खरेदीदारालाही सातच मिळाली. इंग्लंडमध्ये 1993 च्या कायद्याने अशा गाळेधारकांना मोबदला देऊन 90 वर्षांची वाढ मागण्याचा हक्क दिला, आणि 2024 च्या कायद्यात ती 990 वर्षांवर नेण्याची तरतूद आहे. भारतात मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात असा हक्क नाही. येथे जे काही आहे ते दस्तातील शब्दांत आणि शासनाच्या नियमांत.

हे नियम अलीकडे काहीसे उदार झाले आहेत. मध्य प्रदेश शासनाने 2020 साली नझूल भूमीविषयी जे निर्देश काढले, त्यांत नूतनीकरणाबरोबरच रक्कम भरून भूमिस्वामी हक्क घेण्याचीही वाट ठेवली. महाराष्ट्रानेही 2019 साली भाडेपट्ट्याच्या जमिनी भोगवटादार वर्ग 1 मध्ये आणण्याचे नियम केले. ज्याला एकदाच मोठी रक्कम उभी करणे शक्य आहे त्याने हा मार्ग अवश्य तपासावा. ज्याला शक्य नाही त्याच्यासाठी नूतनीकरण आहेच. दोन्हींसाठी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नझूल शाखेकडे चौकशी करून द्यावयाचा. सोबत मूळ पट्टा, नकाशा, भुईभाड्याच्या पावत्या आणि वारसांचे कागद लागतात. मूळ पट्टा हरवला असेल आणि तो नोंदणीकृत असेल, तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून त्याची प्रमाणित नक्कल मिळते.