‘दॅट’नंतरचा स्वल्पविराम

इंग्रजी मजकुराच्या मुद्रितशोधनात, म्हणजे छपाईपूर्वी प्रूफ वाचून त्यातील चुका ठरावीक खुणांनी दाखवण्याच्या कामात, स्पेलिंगपेक्षा विरामचिन्हेच अधिक वेळ घेतात. पुण्यातील एका छापखान्यात मराठीभाषक संशोधकांचे इंग्रजी निबंध तपासणाऱ्या ज्येष्ठ मुद्रितशोधकांची नजर ओळींवरून भराभर सरकते. परंतु ‘दॅट’ हा शब्द आला की त्यांची पेन्सिल थांबते, त्यापुढचा स्वल्पविराम खोडते आणि समासात शेपटीला गाठ मारल्यासारखी, ‘काढून टाका’ असे सांगणारी खूण करते. पानामागून पान तीच खूण.

हा स्वल्पविराम ‘तो म्हणाला की,’ असे लिहिणाऱ्या मराठी हाताचा असतो. विरामचिन्हे मराठीने इंग्रजीकडूनच घेतली आणि मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये त्यांची परिभाषा पुस्तकरूपाने मांडली. तथापि मराठीत शब्दांची नाती विभक्तिप्रत्यय सांभाळतात, त्यामुळे स्वल्पविराम श्वासापुरता वापरला तरी अर्थ सहसा ढळत नाही. इंग्रजीत प्रत्ययांचा आधार तोकडा असल्याने तो भार शब्दक्रमावर आणि या चिन्हांवर पडतो. ‘द स्टूडंट्स हू पास्ड’ यातील ‘हू पास्ड’ स्वल्पविरामांमध्ये ठेवले, तर सारेच विद्यार्थी उत्तीर्ण ठरतात. न ठेवले, तर बोलणे केवळ उत्तीर्ण झालेल्यांपुरते उरते. अशा ठिकाणी पेन्सिल काहीही खोडत नाही, समासात लेखकासाठी प्रश्न लिहिते. कारण उत्तर लेखकालाच ठाऊक असते.

“५० लाख डॉलर,” असे हे ज्येष्ठ मुद्रितशोधक स्वल्पविरामाचे मोल सांगताना नवख्या सहकाऱ्याला बजावतात. अमेरिकेतील मेन राज्याच्या कायद्यात, ज्या कामांना जादा तासांची वाढीव मजुरी लागू नाही अशा कामांच्या यादीअखेर ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असे शब्द होते आणि ‘ऑर’पूर्वी स्वल्पविराम नव्हता. वितरण हे स्वतंत्र काम, की केवळ वितरणासाठीचे पॅकिंग, हा वाद दूध पोहोचवणाऱ्या वाहनचालकांनी न्यायालयात नेला. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने ती संदिग्धता चालकांच्या बाजूने सोडवली आणि २०१८ मध्ये त्यांना कामावर ठेवणाऱ्या ओकहर्स्ट डेअरीने ५० लाख डॉलरची तडजोड मान्य केली.

एका चिन्हाची किंमत ५० लाख डॉलर होऊ शकते, आणि ते चिन्ह राखणाऱ्याचा मोबदला मात्र पानांवर मोजला जातो, मग त्या पानावर एक खूण असो वा चाळीस. हा हिशेब अन्यायाचा आहे.