वारीच्या पिशवीत दोन पुड्या

तुकाराम महाराजांची पालखी इंदापूरहून बावड्यावरून सराटीच्या मुक्कामाला जाते. वारकऱ्याच्या पिशवीत टाळ, धाबळी आणि पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद असतोच. माझा आग्रह आणखी दोन पुड्यांचा: साखर आणि मीठ.

जुलाब लागले की नुसतं पाणी पुरत नाही. साखरेतलं ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम आतड्याच्या पेशी जोडीने आत ओढतात. त्यामागोमाग पाणीही शोषलं जातं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर असंख्य जीव वाचवले. केवढी साधी गोष्ट!

प्रमाण मात्र काटेकोर हवं: १ लिटर स्वच्छ पाणी, चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. जास्त मीठ घातक ठरतं, म्हणून चमचाही पिशवीत ठेवा.