शोधाआधी संसार

विज्ञानात काम करणाऱ्या स्त्रियांविषयी वृत्तपत्रे शतकभर लिहीत आली, पण संशोधनाच्या आधी संसार ही सवय फार उशिरा ढिली झाली. जानेवारी १९११ मध्ये मारी क्यूरी फ्रेंच विज्ञान अकादमीच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या, तेव्हा पॅरिसच्या एका दैनिकाने त्यांच्या चेहऱ्याची आणि हस्ताक्षराची चिकित्सा छापली. त्या थोडक्या मतांनी हरल्या. नोव्हेंबरमध्ये त्यांना रसायनशास्त्राचे, म्हणजे दुसरे नोबेल जाहीर झाले. त्याच महिन्यात वृत्तपत्रे रंगली ती पॉल लांजव्हँ या सहकाऱ्याशी असलेल्या त्यांच्या संबंधांवर. खासगी पत्रव्यवहारही छापला गेला. १९२१ मध्ये अमेरिकेत मात्र त्यांचे दैवतासारखे स्वागत झाले. मिसी मेलनी या संपादिकेने एक ग्रॅम रेडियमसाठी एक लाख डॉलर जमवले आणि क्यूरींना कर्करोगावर उपाय देणारी मायाळू माता म्हणून लोकांपुढे आणले. निंदा असो वा आरती, प्रयोगशाळेतले काम दोन्हीकडे मागेच राहिले.

पेनिसिलिन आणि बी-१२ जीवनसत्त्वाची रचना क्ष-किरणांनी उलगडणाऱ्या डॉरथी हॉजकिन यांना १९६४ मध्ये नोबेल मिळाले, तेव्हा ‘डेली मेल’च्या मथळ्यात त्या ऑक्सफर्डच्या गृहिणी ठरल्या. पल्सार या ठरावीक अंतराने रेडिओ संकेत देणाऱ्या ताऱ्यांचा शोध १९६८ मध्ये जाहीर झाल्यावर पत्रकारांनी खगोलशास्त्राचे प्रश्न संशोधनाचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांना विचारले. ज्यांना तो संकेत प्रथम दिसला त्या जोसलिन बेल यांना मात्र किती बॉयफ्रेंड आहेत, हे विचारले. २०१३ मध्येही रॉकेटतज्ज्ञ इव्हॉन ब्रिल यांच्यावरील ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मृत्युलेखाची सुरुवात त्यांच्या हातच्या स्वयंपाकाने झाली. टीकेनंतर ती बदलली गेली.

भारतात सप्टेंबर २०१४ मध्ये मंगळयान कक्षेत पोहोचले आणि जल्लोष करणाऱ्या साडीतल्या स्त्रियांचे छायाचित्र जगभर गेले. त्या प्रशासकीय कर्मचारी असल्याचे इस्रोने नंतर स्पष्ट केले. मोहिमेत स्त्री शास्त्रज्ञ होत्याच. मंगळापासून संदेश यायला तेव्हा सुमारे बारा मिनिटे लागत असल्याने अडचण आल्यास यानाने स्वतःच निर्णय घेणे भाग होते. त्या स्वयंनियंत्रण यंत्रणेवर रितू करिधाल यांनी काम केले होते. गजरा माळलेल्या स्त्रियांच्या चित्रापेक्षा ही माहिती कितीतरी मोलाची, पण ती तितकी पसरली नाही. पुढे २०१९ मध्ये याच मोहिमेवरील ‘मिशन मंगल’ चित्रपटाच्या जाहिरातीत पाच अभिनेत्रींहून नायकाचा चेहरा मोठा दिसला, आणि त्यावर टीका झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये निघालेल्या चांद्रयान-२ च्या प्रकल्प संचालक एम. वनिता, तर मोहीम संचालक करिधाल होत्या.