ग्लायकोजेन: साठा भरपूर, तरी बाळ उपाशी

ग्लायकोजेन यकृतातही साठतं आणि स्नायूंतही. पण स्नायू आपला साठा स्वतःपुरताच वापरतात, कारण ग्लुकोज-६-फॉस्फेटपासून मोकळं ग्लुकोज करणारं ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हे एन्झाइम त्यांच्यात नसतं. उपाशीपोटी रक्तातली साखर सांभाळतं ते मुख्यतः यकृत.

एवढं पक्कं केलंत, तर आजार पाठ करावे लागत नाहीत.

यकृतात हे एन्झाइम नसेल, तर फॉन गिर्के आजार. दोन फीडमध्ये अंतर पडलं की बाळाची साखर घसरते, लॅक्टेट व युरिक ॲसिड वाढतं, यकृत मोठं होतं. ही उणीव कोरी दांपत्याने १९५२ मध्ये दाखवली.

स्नायूंतलं फॉस्फोरिलेज नसेल, तर मॅकआर्डल. साखर ठीक, पण व्यायामात पेटके येतात आणि लॅक्टेट वाढत नाही.

लायसोसोममधलं ॲसिड माल्टेज नसेल, तर पाँपे. साखर ठीक, पण अर्भकाचं हृदय मोठं आणि अंग ढिलं.

फॉन गिर्केमध्ये कच्चा मक्याचा स्टार्च पाण्यात कालवून ठरावीक वेळाने, रात्रीसुद्धा देतात. तो सावकाश पचतो. शिजवला तर हा फायदा जातो. मात्रा आणि सुरू करण्याचं वय तज्ज्ञ ठरवतात.

पालकांना नाव नीट सांगा. इथे नोएडात दुकानात 'मक्के का आटा' मागितला, तर रोटीचं पिवळं पीठ हातात येईल. हवं असतं ते पांढरंशुभ्र कॉर्नफ्लोअर. दुर्मीळ आजारांची सरकारमान्य केंद्रं दिल्लीत एम्स व मौलाना आझाद इथे, तर मुंबईत केईएममध्ये आहेत.