खुर्च्यांच्या कंपनीचा ब्लूज
जुन्या ब्लूजचा नाद असेल तर 'पॅरामाउंट' हे लेबल लक्षात ठेवा. मालक कोण? विस्कॉन्सिनमधली खुर्च्या बनवणारी कंपनी! फोनोग्राफची कपाटं बनवता बनवता ती तबकड्याही काढू लागली. चार्ली पॅटन, सन हाउस, स्किप जेम्स यांची १९२९ ते १९३१ मधली गाणी हिचीच. तबकड्यांसाठी वापरलेली लाख मात्र हलकी, त्यामुळे खरखर भरपूर (सोसावी लागते, इलाज नाही). मूळ मास्टर हरवले. आज आपण ऐकतो ते संग्राहकांनी जपलेल्या तबकड्यांवरून उतरवलेलं. काहींच्या जेमतेम एक-दोन प्रती उरल्यात, त्यामुळे मूळ तबकडीचा हट्ट खिशाला झेपणारा नाही. त्यापेक्षा हीच गाणी पुन्हा काढणाऱ्या 'याझू' लेबलचे एलपी किंवा सीडी शोधा. सुरुवात स्किप जेम्सपासून करा. गिटारची वाहवा सगळेच करतात, त्याचा पियानोही ऐका.