अमावास्या संपते त्या क्षणी

२०२४च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला करायचं की १ नोव्हेंबरला, यावरून देशभर घोळ झाला. अमावास्या ३१ तारखेला दुपारी चारच्या सुमारास लागली आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी सव्वासहाला संपली. म्हणजे महाराष्ट्रात दोन्ही दिवशी सूर्य मावळताना अमावास्या होतीच. मुंबईत मात्र दुसऱ्या दिवशी सूर्यास्तानंतर जेमतेम दहा-बारा मिनिटं. पूजन कधी, ते शास्त्रीबुवांनी ठरवावं. इथे प्रश्न एवढाच, की हे सव्वासहा काढायचे कसे?

चंद्राला सूर्याच्या १२ अंश पुढे सरकायला लागणारा वेळ म्हणजे एक तिथी. सरासरीने चंद्र सूर्याला दिवसाकाठी सुमारे १२.२ अंशांनी मागे टाकतो. पण ती अमावास्या २६ तासांहून अधिक लांबली होती. चंद्र तेव्हा पृथ्वीपासून दूरच्या टोकाजवळ होता आणि रेंगाळत चालला होता, सूर्याच्या तुलनेत दिवसाला फक्त १०.९ अंशांच्या आसपास. समजा, कोणी १ तारखेच्या सकाळी सव्वाआठला दोघांमधलं अंतर अगदी बिनचूक काढलं, पण पुढचा हिशेब सरासरी वेगाने केला. १० तासांची वाट ९ तासांत उरकेल, अमावास्या पाच वाजून दहा मिनिटांनीच संपेल आणि १ नोव्हेंबरच्या पूजनाचा आधारच जाईल.

ही अडचण भास्कराचार्यांना पक्की ठाऊक होती. ११५०च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त ते सांगतात, की तिथीचा शेवट जवळ आला असेल तर चंद्राची तात्कालिक गती घ्यावी. कारणही देतात: चंद्राची गती मोठी आहे आणि ती क्षणोक्षणी बदलते.

पण क्षणाला गती असते म्हणजे काय? गती काढायला दोन वेळा आणि दोन जागा हव्यात. चढाचंही तेच. बोरघाटातल्या रेल्वेचा चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. एकाच बिंदूवर उभं राहिलं तर पुढे जाणं शून्य, वर चढणं शून्य, आणि शून्याला शून्याने भागून हाती काही लागत नाही.

यातून सुटका कशी होते, ते आर्यभटाच्या 'ज्या'-कोष्टकात दिसतं. आर्यभटीय ४९९च्या सुमाराचं. त्यात वर्तुळाची त्रिज्या ३४३८ कला धरली आहे आणि ९० अंशांचे २४ तुकडे केले आहेत, प्रत्येकी २२५ कलांचे. (६० कलांचा एक अंश.) ज्या म्हणजे शाळेतलं साइन, त्रिज्येने गुणलेलं. गंमत अशी, की आर्यभट ज्या देतच नाही. एका ज्येतून पुढच्या ज्येत पडणारी भर तेवढी देतो: २२५, २२४, २२२, २१९, २१५... आणि शेवटची ७. पहिली भर पाहा. कोन २२५ कला वाढला, ज्याही २२५नेच वाढली. आरंभाला वर्तुळाचा कंस इतका सरळ आहे, की कंस आणि ज्या यांत फरक करायची गरजच आर्यभटाला पडली नाही.

आता ३० अंशांवर येऊ. तिथे ज्या १७१९. तिच्या आधीची भर १९९, नंतरची १९१. दर कलेला किती, असं विचारलं तर डावीकडून ०.८८४ आणि उजवीकडून ०.८४९. दोन उत्तरं, म्हणजे ३० अंशांचं स्वतःचं उत्तर नाहीच असं वाटतं. पण तुकडा लहान करून पाहा. २२५ कलांऐवजी एकेक अंश घेतला तर दर येतात ०.८७० आणि ०.८६२. एकेक कला घेतली तर दोन्हीकडून ०.८६६. फट बुजली. वक्ररेषा इतक्या जवळून पाहिली की तिची वाकण उरत नाही. उरते एक सरळ रेघ, आणि त्या रेघेचा चढ हाच त्या जागेचा डेरिव्हेटिव्ह, मराठी पाठ्यपुस्तकांतला अवकलज.

भास्कराचार्य इथे तुकडे पाडत बसत नाहीत. ते सांगतात, की कोणत्याही जागी ज्येतली भर हवी असेल तर २२५ला तिथल्या कोटिज्येने (कोसाइनने) गुणा आणि ३४३८ने भागा. ३० अंशांची कोटिज्या २९७८. हिशेब करा, १९५ला थोडं कमी येतं: १९९ आणि १९१च्या जवळजवळ मधोमध. आजचा बारावीचा विद्यार्थी 'साइनचं डेरिव्हेटिव्ह कोसाइन' म्हणतो, ते हेच.

प्रत्येक आलेख असा सरळ होतोच असं नाही. घरगुती विजेचं बिल घ्या. १०० युनिटपर्यंत एक दर, १०१व्या युनिटपासून दुसरा. त्या सांध्यावर कितीही जवळून पाहिलं तरी कोपरा कोपराच राहतो. डावीकडचा चढ वेगळा, उजवीकडचा वेगळा. तिथे अवकलज नाही. ग्रह मात्र असे स्लॅब पाळत नाहीत, हे ज्योतिष्यांचं भाग्य.

आणखी एक गोष्ट भास्कराचार्यांनी हेरली होती. ग्रहाच्या मध्यम (सरासरी गतीने येणाऱ्या) आणि स्पष्ट (प्रत्यक्ष) स्थानांतला फरक जिथे सर्वांत मोठा होतो, तिथे त्या फरकाची गती शून्य असते. कोष्टकातही तसंच आहे: ज्या ९० अंशांकडे जाताना भर २२, मग ७, आणि ९०वर कोटिज्याच शून्य.

मूळचे पुण्याचे आणि काशीला शिकवणारे बापूदेवशास्त्री यांनी १८५८ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं, की भास्कराचार्यांना डिफरन्शियल कॅल्क्युलसचं तत्त्व ठाऊक होतं. दोन वर्षांनी इंग्लंडमधून गणिती स्पॉटिसवुड यांनी त्यावर आक्षेप घेतले. माझं मत विचाराल तर दोघांचंही थोडंथोडं खरं. साइनची आणि ग्रहगतीची क्षणिक चाल भास्कराचार्यांच्या हाती होती, हे नाकारता येत नाही. पण कोणत्याही वक्राला लागू पडेल अशी रीत त्यांनी मांडली नाही, आणि तुकडा लहान लहान करत नेण्याची सीमाही नाही. न्यूटनच्या आधी आपणच, असं म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळ पाटण्याला मठ काढला. तिथला १२०७चा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. तरी पंचांग करणाऱ्यांनी पुढे वेगळीच वाट धरली. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली 'ग्रहलाघव' लिहिलं, आणि त्यात ज्या वापरायच्याच नाहीत असं ठरवलं. साधे गुणाकार-भागाकार, उत्तर कामापुरतं बरोबर. महाराष्ट्रातली पंचांगं पुढची शतकानुशतकं त्याच ग्रंथावरून होत राहिली.