चूक दाखवा, माणूस टिकवा

सर्वांचा ज्ञानकोश : लेखांक ७

श्रीगोंद्यातल्या एखाद्या महाविद्यालयीन तरुणाने मराठी विकिपीडियावर संत शेख महंमदांविषयी चार परिच्छेद लिहिले, असे समजू. लहानपणापासून गावात जे ऐकले, ते त्याने मनापासून उतरवले: ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ, गावातले समाधिस्थान आणि शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांचे ते गुरू होते, ही परंपरा. संदर्भ मात्र एकही दिला नाही. तासाभरात मजकूर उडतो आणि चर्चापानावर शेरा पडतो: ‘हा ज्ञानकोश आहे, भाविकांची पुस्तिका नव्हे. आधी नियम वाचा.’

शेरा देणाऱ्याचा मुद्दा रास्त आहे. पडताळून पाहता येईल तेवढेच ज्ञानकोशात राहायला हवे. पण नेमके काय दुरुस्त करायचे, हे त्या तरुणाला यातून कळत नाही. आपण इथे नकोसे आहोत, एवढेच कळते.

हाच आक्षेप असाही लिहिता येतो: ‘मालोजीराजांचे गुरू, हे विधान परंपरेतले आहे की समकालीन कागदपत्रांतले? पुस्तकाचे नाव, लेखक आणि पान क्रमांक द्यावा. तोवर “परंपरेनुसार” हा शब्द घातला आहे. “अलौकिक”, “थोर” ही विशेषणे काढली आहेत.’ यात गोडवा कुठेच नाही. उलट हा आक्षेप पहिल्यापेक्षा कडक आहे. फक्त तो वाक्यावर आहे, वाक्य लिहिणाऱ्यावर नाही.

हा फरक महत्त्वाचा का?

१ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया स्वयंसेवकांच्या हातांनी उभा राहिला. कचेरीत साहेबाची बोलणी खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर येतो, कारण पगार असतो. स्वयंसेवक भांडतही नाही. तो नुसता येईनासा होतो. इंग्रजी विकिपीडियाने याचा मोठा फटका सोसला. तिथल्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिखरावर पोहोचली आणि नंतर घसरत गेली. २०१३ मध्ये ॲरन हाफेकर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक मोठे कारण पुढे आले: चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांचे लिखाणही सरसकट नाकारले जात होते आणि ते परत फिरकत नव्हते.

लिनक्सचे उदाहरण त्याहून बोलके आहे. या संगणकप्रणालीचे जनक लायनस टोरवाल्ड्स सहकाऱ्यांना पाठवलेल्या जळजळीत पत्रांसाठी प्रसिद्ध होते. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही आठवडे कामातून रजा घेतली आणि त्याच सुमारास प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. त्यानंतरही लिनक्समध्ये सदोष काम परत पाठवले जातेच. तपासणी कडक ठेवायला शिवीगाळ लागत नाही.

दुसरे टोकही तितकेच घातक. ‘छान लेख! थोडी सुधारणा हवी,’ असे म्हणून पुढे जाणारा कोणालाच दुखवत नाही आणि कोणाच्याच उपयोगी पडत नाही. चूक दिसूनही भिडेखातर गप्प बसणे हा वाचकावर अन्याय आहे. तसेच ‘आपण’ म्हणत केलेला पाणउतारा हा पाणउताराच असतो. आदरार्थी बहुवचनाने त्याची धार कमी होत नाही.

विकिपीडियाच्या पाच आधारस्तंभांपैकी चौथा परस्परांशी आदराने वागण्याचा आहे. समोरच्याचा हेतू चांगला आहे असे आधी धरून चालावे, हा संकेत त्याच्याशीच जोडलेला. लेखाचे चर्चापान असो की सर्वांच्या चर्चेची ‘चावडी’, तिथला शब्द पानाच्या इतिहासात कायमचा नोंदला जातो आणि पुढे येणारा प्रत्येक नवखा तो वाचू शकतो.

तेव्हा या आठवड्यात श्रीगोंदा, पेडगाव किंवा तिथल्या बहादूरगडावरचा लेख उघडून नीट वाचा. एखादे विधान खटकले तर चर्चापानावर ते वाक्य जसेच्या तसे द्या, काय चुकले ते स्पष्ट लिहा, जवळ पुस्तक असेल तर पान क्रमांक जोडा आणि खाली सही करा. लिहिणाऱ्याविषयी मात्र एक अक्षरही लिहू नका.